थंडीची लाट आली, आता गळ कसा टाकाल?

डिसेंबर-जानेवारीत हवामानाच्या बातम्यांचा एक ठरलेला क्रम असतो. आधी काश्मीर-हिमाचलात बर्फ पडल्याचं कळतं. आपल्याकडे दोन-तीन दिवस आभाळ भरून येतं, रात्री उबदार वाटतात, कुठे कुठे अवकाळीचे चार थेंब पडतात. मग एका रात्रीत आभाळ निवळतं, उत्तरेचा वारा सुटतो आणि निफाडजवळच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात नोंदलेला पाऱ्याचा आकडा पेपरात झळकतो. द्राक्ष बागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात, आणि तळ्याकाठी गळ टाकून बसणारे एकमेकांना विचारू लागतात, परवापर्यंत लागणारा मासा गेला कुठे?

गेला कुठेच नाही. तो बहुतेक त्याच पाण्यात असतो. त्याची भूक आटलेली असते, खायची वेळ पुढे सरकलेली असते आणि घासासाठी लांब जायची त्याची तयारी नसते. त्यामुळे जुन्याच वेळी, जुन्याच जागी, तेवढ्याच मोठ्या गोळ्याने बसलात तर डबा खाऊन परत यावं लागतं. लाटेच्या दिवसांत वेळ, जागा आणि घास या तिन्ही गोष्टी बदलाव्या लागतात, आणि त्यातही सगळ्यात आधी वेळ. पहाटेचा हट्ट सोडला की निम्मं काम झालं.

आभाळात काय होतं

भूमध्य समुद्राच्या परिसरातून निघणारे पश्चिमी चक्रावात हिवाळ्यात इराण-अफगाणिस्तानवरून उत्तर भारतात येतात आणि हिमालयात बर्फ टाकतात. महाराष्ट्र त्यांच्या मुख्य वाटेच्या दक्षिणेला पडतो. त्यामुळे बर्फ-पाऊस उत्तरेकडे आणि मागून येणारा कोरडा, गार वारा मात्र आपल्याकडेही. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली आलं आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी घसरलं, की हवामान खातं त्याला थंडीची लाट म्हणतं.

इंटरनेटवरचे मासेमारीचे व्हिडिओ पाहणाऱ्यांनी इथे एक फरक ध्यानात ठेवावा. ते व्हिडिओ बहुतांशी अमेरिकेतल्या बास माशाचे असतात. तिथे शीत आघाडी काही तासांत डोक्यावरून जाते आणि हिवाळ्यात पाणी इतकं गार पडतं की अनेक तळी गोठतात. दख्खनच्या मोठ्या जलाशयांचं पाणी ऐन जानेवारीतही साधारण २० अंशांच्या आसपास राहतं. आपला मासा गोठत नाही, फक्त मंदावतो. म्हणून तिथले सल्ले जसेच्या तसे उचलू नका. त्यामागचं कारण तेवढं घ्या.

पाणी हवेसारखं वागत नाही

हवा एका रात्रीत दहा अंशांनी उतरेल, पण पाणी तसं उतरत नाही, आणि सगळीकडे सारखंही उतरत नाही. सारख्याच थंडीत एक मीटर खोल डबक्याचं पाणी एका अंशाने गार झालं, तर तेवढ्याच वेळात दहा मीटर खोल, नीट मिसळलेलं पाणी जेमतेम एक दशांश अंशाने गार होतं. याचा अर्थ सरळ आहे. गावतळं, शेततळं, धरणाच्या फुगवट्यातली उथळ खाडी यांना लाटेचा तडाखा लगेच बसतो. मुळशी-पानशेतसारख्या खोल जलाशयांना तो उशिरा आणि सौम्य बसतो. लाटेच्या पहिल्या दोन दिवसांत निवड करायची झाली, तर खोल पाणी निवडा.

दुसरी गोष्ट, गार झालेलं पाणी जड होऊन खाली जातं. पाणी सर्वांत जड होतं ते ४ अंशांना, आणि तिथवर आपलं पाणी कधी उतरत नाही. त्यामुळे थंड देशांतल्या गोठलेल्या तळ्यात तळाचं पाणी वरच्यापेक्षा उबदार असतं, तो नियम इथे लागू पडत नाही. आपल्याकडे रात्रभर काठच्या उथळ पाण्यातली ऊब निघून जाते आणि ते गार पाणी उतारावरून खोलात सरकतं. पहाटे सगळ्यात गार असतो तो काठ. दुपारी सगळ्यात आधी तापतो तोही काठच. मासा दिवसभरात याच उतारावरून वर-खाली करतो. पहाटे तो कडेच्या खाली, जुन्या नदीपात्राच्या किंवा बुडालेल्या ओढ्याच्या धारेवर असतो आणि दुपारी उन्हात उथळाकडे येतो.

हा उतार नेमका कुठे आहे, हे मे महिन्यात कळतं. पाणी आटलं की बुडालेले रस्ते, बांध, विहिरी, ओढे उघडे पडतात. तेव्हा काठाने एक फेरी मारून फोटो काढून ठेवा. उथळ मैदान आणि खोल धार जिथे एकमेकांपासून वीस-तीस पावलांवर आहेत, तीच जानेवारीतली तुमची जागा.

दाबाचा बागुलबुवा

थंडीच्या लाटेबरोबर हवेचा दाब वाढतो आणि त्या दाबाने मासा तोंड बंद करतो, असं मासेमारांत सर्रास बोललं जातं. साधा हिशेब करून बघा. हवेचा दाब १० हेक्टोपास्कलने वाढला, तर माशाला जाणवणारा फरक हा तो सुमारे दहा सेंटिमीटर खाली गेल्याइतकाच असतो. एवढं वर-खाली तर तो सहज पोहता पोहता करतो. शिवाय आपल्या पट्ट्यात हवेचा दाब रोजच तीन-चार हेक्टोपास्कलने वर-खाली होतो. सकाळी दहाच्या सुमारास तो जास्त असतो, दुपारी चारच्या सुमारास कमी. त्या रोजच्या हेलकाव्याने मासा उपाशी राहत नाही. तेव्हा मोबाइलवरच्या दाबाच्या आकड्यात डोकं घालण्यापेक्षा तीन गोष्टी बघा: पाण्याचं तापमान कालच्यापेक्षा किती उतरलं, वारा कुठून आहे आणि आभाळ किती स्वच्छ आहे. लाटेनंतरच्या निरभ्र आभाळात प्रकाश पाण्यात खोलवर जातो, वारा पडला की पाणी नितळ होतं, आणि अशा पाण्यात मासा दोरीलाही बुजतो. बरंचसं दाबावर ढकललं जातं ते खरं तर या उजेडाचं काम असतं.

पाण्याचा ताप मोजा

मासा थंड रक्ताचा, म्हणजे त्याचं शरीर पाण्याइतकंच गार किंवा गरम. पाणी दहा अंशांनी उतरलं तर त्याच्या शरीराचा कारभार ढोबळमानाने निम्म्यावर येतो. दोन-तीन अंशांची घसरण त्याहून लहान, पण ती अचानक झाली की जाणवते. म्हणून नुसता आकडा पुरेसा नाही, कालचा आकडाही हवा. १९ अंशांवर चार दिवस स्थिर असलेलं पाणी हे काल २३ आणि आज २० झालेल्या पाण्यापेक्षा बरं.

मोजायला मत्स्यालयाच्या दुकानातला काचेचा तापमापक पुरतो. काठचं पाणी तर हाताने बुडवूनही मोजता येईल. दोन-तीन मीटरवरचं मोजायचं तर काचेची रिकामी बाटली घ्या, तिला खाली अर्धा-पाऊण किलोचा दगड बांधा आणि तोंडाला बूच हलक्या हाताने बसवा. दोरी आधी बुचाला बांधा आणि वीतभर ढिली सोडून तीच पुढे बाटलीच्या मानेला बांधा. होडीतून, घाटाच्या पायरीवरून किंवा उभ्या कातळावरून बाटली हव्या त्या खोलीवर सोडायची आणि एक झटका द्यायचा. बूच निघतं, वर बुडबुडे येतात, तिथलंच पाणी बाटलीत भरतं. वर ओढली की लगेच आत तापमापक घालून वाचा. काठ आणि खोल यांतला फरक कळला, की कुठे बसायचं हे वेगळं विचारावं लागत नाही.

प्रत्येक माशाची थंडी वेगळी

सगळ्यात आधी मिटतो तो तिलापिया, आपली चिलापी. १९५२ साली भारतात आणलेला हा मूळचा आफ्रिकेचा मासा. पाणी १६-१७ अंशांच्या खाली गेलं की तो खाणं जवळजवळ सोडतो. उजनीच्या उथळ फुगवट्यात चिलापीवर विसंबून जाणाऱ्यांनी लाटेत आपला बेत बदलावा, निदान दुपारपर्यंत थांबावं.

कटला, रोहू, मृगळ ही उबदार पाण्याची भावंडं. पाणी विशीच्या खाली गेलं की तिघांचीही भूक मंदावते, पण खायची पातळी वेगळी असल्याने फरक पडतो. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. रात्रीच्या थंडीचा आणि गार वाऱ्याचा मारा वरच्या थरावर होतो, म्हणून लाटेत कटल्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. मृगळासाठी तळाला बसा.

या दिवसांतला खरा भरवशाचा मासा म्हणजे सायप्रिनस. युरोप-आशियाच्या थंड मुलखातून आलेला आणि १९३९ मध्ये भारतात पहिल्यांदा निलगिरीच्या गार डोंगरात सोडलेला हा मासा. आपल्या थंडीत तो सुस्तावतो, पण खाणं सोडत नाही. गवत्यालाही (ग्रास कार्प) थंडी बरीच सोसते.

मरळीची गोष्ट न्यारी. तिला हवेतला श्वास घ्यायला वर यावंच लागतं, त्यामुळे ती कुठे आहे ते पाणीच सांगतं. थंडीत हालचाल कमी म्हणून वर येणंही कमी. अशा वेळी पाणवनस्पतींच्या उन्हातल्या कडेवर, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात, दुपारी नजर ठेवा. पृष्ठभाग हलला की त्याच्या हातभर पुढे रबरी बेडूक टाका आणि तो हलवू नका. वर्तुळं विरेपर्यंत थांबून मग वीतभर ओढा. पावसाळ्यातल्यासारखा टपटप नाचवलात तर ती मागे लागणार नाही. जिवंत बेडूक मात्र लावू नका.

लाटेचे तीन टप्पे

पहिला टप्पा लाट येण्याआधीचा. आभाळ भरलंय, रात्री उबदार आहेत, वारा दक्षिणेचा किंवा आग्नेयेचा आहे. हे सोन्यासारखे दिवस. अशा वेळी रजा टाकायची असेल तर टाका. पाणी तापलेलं असतं, उजेड मंद असतो, वाऱ्याने ढकललेलं उबदार पाणी आणि त्यातलं खाद्य ज्या काठाला लागतं तिथे मासा येतो. म्हणजे वारा तोंडावर घेऊन बसा. पहाट चालेल, नेहमीचा चारा चालेल.

दुसरा टप्पा लाटेचे पहिले दोन-तीन दिवस. आता सगळं उलटं करा. उत्तरेच्या गार वाऱ्याने ज्या काठावर लाटा आपटतात तो काठ सोडा. वारा आता ऊब आणत नाही, उलट काढून नेतो. उत्तरेचा काठ धरा. सूर्य हिवाळ्यात दक्षिणेकडे कललेला असतो, पुण्याच्या पट्ट्यात डिसेंबरअखेर भर दुपारीही तो क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन थेट पडतं आणि मागची टेकडी किंवा झाडी उत्तरेचा वारा अडवते. तिथे काळा कातळ असेल तर आणखी चांगलं, कारण बसाल्ट उन्हात लवकर तापतो. ओढा जलाशयाला मिळतो ती जागा एरवी हमखास, पण लाटेच्या सकाळी टाळा. ओढ्याचं उथळ पाणी रात्रभरात जलाशयापेक्षा गार झालेलं असतं.

या टप्प्यात वेळ दुपारी बारा ते चारची. सकाळी दहाला पोचलात तरी आधी खोल धारेवर गळ ठेवा, ऊन चढलं की उथळाकडे सरका. चारनंतर सावली लांबली की परत धारेवर या, संध्याकाळचा शेवटचा तास कधी कधी तिथे देतो.

तिसरा टप्पा चौथ्या-पाचव्या दिवसापासून. थंडी कायम असते, पण रोजचा आकडा स्थिरावलेला असतो. मासा नव्या तापमानाला रुळतो. खाण्याची वेळ दुपारचीच राहते, पण ती लांबते आणि मासा पुन्हा थोडा फिरू लागतो. अंगावर स्वेटर असतो म्हणून आपल्याला थंडी तेवढीच वाटते, पण पाणी बदलायचं थांबलेलं असतं, आणि माशाला तेवढं पुरतं.

घास लहान, दोरी बारीक

उन्हाळ्यात लिंबाएवढा गोळा चालतो. लाटेत हरभऱ्याएवढा पुरे, आणि गळही त्याच मापाचा. गांडूळ लावायचं तर अख्खं नको, दोन पेरांएवढा तुकडा. पचन मंद असलेल्या माशाला मोठा घास नको असतो. पुढ्यात सहज आलेला छोटा तुकडा मात्र तो टिपतो.

कणकेत शेंगदाणा पेंड घालायची सवय असेल तर प्रमाण कमी करा. तेल पाण्यात विरघळत नाही, सुटलं की वर तरंगत जातं, आणि आपला मासा तर तळाशी. त्याच्यापर्यंत पोचायला हवं ते विरघळणारं. भाजलेलं बेसन, गव्हाचं पीठ, थोडा गूळ असं सैलसर मळा. पाण्यात पाच-दहा मिनिटांत कडा सुटू लागतील इतकं मऊ असावं. घट्ट गोळा उन्हाळ्यात लहान माशांपासून वाचतो, पण आता लहान मासेही थंडच असतात.

नितळ पाण्यात तंगूस बारीक घ्या, ०.१८ ते ०.२० मिलिमीटरची, आणि रीलचा ब्रेक सैल ठेवा. उजनीसारख्या हिरवट पाण्यात एवढी बारीक गरज नाही.

खरी मेख तरंग्यात आहे. लाटेत मासा दोरी पळवत नाही. तो घास उचलतो, चघळतो, टाकून देतो. मोठा बुचाचा तरंगा त्याला कळवतच नाही. पेनाच्या रिफिलएवढा सडपातळ तरंगा लावा. शिशाचे मणी दोन ठिकाणी: मोठं वजन मध्यावर आणि अगदी लहान मणी गळापासून चार बोटांवर, तो तळाला टेकलेला राहील असा. तरंग्याचं टोक ज्वारीच्या दाण्याएवढंच पाण्यावर दिसेल इतकं वजन घाला. आता तळावरच्या मृगळाने किंवा सायप्रिनसने तोंड वर करून घास उचलला, की लहान मण्याचा भार निघतो आणि तरंगा बुडण्याऐवजी बोटभर वर येतो, कधी आडवा पडतो. तो बुडायची वाट पाहू नका. वर आला की मनगटाने हलकेच उचला. जोराचा हिसका दिलात तर बारीक दोरी तुटेल किंवा गळ ओठातून निसटेल.

घासाऐवजी नकली मासे, चमचे वापरणाऱ्यांनी आकार निम्मा आणि वेग त्याहूनही कमी करावा. तळाला टेकवा, थांबा, पुन्हा वीतभर सरकवा. थांबण्याचा वेळ ओढण्याच्या वेळेपेक्षा जास्त असू द्या.

चारा: मुठीचं राजकारण

लाटेत सगळ्यात जास्त नासधूस होते ती चाऱ्याने. एरवीच्या सवयीने किलोभर पेंड पाण्यात गेली, की अर्धपोटी माशाचं त्या दिवसाचं जेवण तिथेच आटोपतं आणि तुमच्या गळाची गरज उरत नाही. शिवाय न खाल्लेला चारा तळाशी कुजून पाणी खराब करतो. एक मूठ टाका, चाळलेली आणि भुरभुरीत, तरंग्याच्या नेमकी खाली. पहिली ओढ येईपर्यंत दुसरी मूठ नको. तासभर काहीच हललं नाही तर चारा वाढवू नका, जागा बदला. तिथे पुन्हा एकच मूठ.

काठावरची शिस्त

आपले बरेच जलाशय मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. जायच्या आधी स्थानिक संस्थेला विचारा, परवानगी घ्या. नांदूर-मधमेश्वरसारख्या अभयारण्यात गळ टाकायचा विचारच नको, आणि धरणाच्या भिंतीजवळही जाऊ नका. हिवाळ्यात आवर्तन सुटतं, पाणी मागे हटतं आणि काठावर वरून सुकलेला, आतून चिखल असलेला गाळ उघडा पडतो. काठीने चाचपल्याशिवाय त्यावर पाय टाकू नका आणि एकट्याने तर नाहीच. नदीत महाशीर लागला तर ओल्या हातांनी, शक्यतो पाण्यातच, गळ काढून त्याला सोडून द्या.

हाती फक्त रविवार असेल तर

नोकरदार माणसाला लाटेचा टप्पा निवडता येत नाही, सुट्टी येईल तो दिवस घ्यावा लागतो. मग शनिवारी रात्री एवढंच बघा. मागच्या तीन दिवसांचे किमान तापमानाचे आकडे काढा. ते रोज घसरत असतील तर गावतळं-शेततळं रद्द करा, खोल जलाशय धरा, सायप्रिनस-मृगळाची तयारी करा आणि घरून नाश्ता करून आरामात निघा. आकडे स्थिर असतील तर तुमची नेहमीची जागाही चालेल, फक्त वेळ दुपारची. आणि आकडे वर चढत असतील, आभाळ पुन्हा भरू लागलं असेल, तर एव्हाना उत्तरेत नवा चक्रावात आलेला असतो. त्या रविवारी गजर पहाटेचाच लावा.